जिथे तुमचा अंगठा लागतो, ते काम आधी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणारं चौकोनी कुटुंब. मिस्टरांना नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरी मिळाली आहे, 1 सप्टेंबरला रुजू व्हायचंय, हातात अकरा आठवडे आहेत. मुलगी 9 वर्षांची, मुलगा साडेतीनचा. बाई स्वतः फिजिओथेरपिस्ट, "माझं तिथे गेल्यावर बघू" असं त्या लिहितात. सासूबाई त्यांच्या जुन्या घरी एकट्या राहणार, कर्जावर घेतलेला फ्लॅट भाड्याने द्यायचा. कंटेनर पाठवावा का, काय काय न्यावं आणि सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

कंटेनरपासून सुरुवात करू नका, एवढं आधी सांगते.

परदेशी निघालेल्यांची कागदपत्रं करून देण्याचं काम मी पुण्यात बसून एकोणीस वर्षं करते आहे. पहिल्या भेटीला बहुतेकांच्या हातात सामानाची यादी असते: कुकर, मिक्सर, थर्मल, मेतकूट. ती यादी मी बाजूला ठेवायला लावते आणि विचारते, यातल्या कुठल्या कामाला तुम्ही स्वतः, देहाने, इथे हजर असावं लागतं? थर्मल आइंडहोवनला मिळतं, आणि तिथल्या थंडीसाठी तिथलंच बरं. पण दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या यंत्रावर अंगठा तिथून ठेवता येत नाही. पैसे टाकून नंतर होणारी कामं नंतर करा. तुमचा अंगठा, सही किंवा चेहरा लागतो ती सगळी या अकरा आठवड्यांत. माझ्याकडे रडत येणारे फोन परदेशातून येतात आणि त्यातले दहापैकी नऊ इथे राहून गेलेल्या कामाचे असतात.

पहिलं काम दाखल्यांचं. चौघांचे चार जन्मदाखले आणि तुमचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पाचही अपोस्टिल केलेले हवेत, म्हणजे परदेशात खरे मानले जावेत म्हणून आपल्या सरकारने प्रमाणित केलेले. तिथे पोचल्यावर पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंदणीसाठी जायचं असतं, तिथे हे कागद मागतात. ती नोंदणी झाली की बीएसएन नावाचा क्रमांक मिळतो आणि पगार, आरोग्य विमा, बँक, सगळं त्याला टांगलेलं असतं. भारत अपोस्टिलच्या करारात 2005 पासून आहे आणि नेदरलँड्सला आपलं अपोस्टिल चालतं. जर्मनीला गेलेल्या मैत्रिणीचा सल्ला मात्र इथे लावू नका. भारताच्या सहभागावर जर्मनीने आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे तिकडची पडताळणी निराळी असते. आपल्याकडे आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये. एजंट घेतो ते वरचे पैसे धावपळीचे. मीही घेते, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

मुलांचे दाखले महापालिकेचे, मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेले असतील. त्यांना भाषांतर लागणार नाही. घोळ होतो तो मोठ्यांच्या दाखल्यांत. मिस्टर चाळिशीच्या आसपास असतील आणि जन्म तालुक्याच्या किंवा आजोळच्या गावी झाला असेल, तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत बहुतेक वेळा बाळाचं नावच नसतं. "पुरुष", वडिलांचं नाव, तारीख, संपलं. नोंद झाल्यापासून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं. त्यानंतर मात्र चपला झिजतात. काहींची तर नोंदच सापडत नाही. एका वर्षापेक्षा जास्त उशिरा होणाऱ्या नोंदीसाठी पूर्वी न्यायालयात जावं लागे, 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. हे आठवड्याभरात होणारं काम नाही. म्हणून आज, हे वाचून झालं की, मिस्टरांचा आणि तुमचा जन्मदाखला कपाटातून काढा आणि चार गोष्टी बघा: त्यावर तुमचं नाव आहे का, तारीख पासपोर्टशी जुळते का, आईवडिलांची नावं तशीच आहेत का, आणि दाखला हाताने लिहिलेला आहे की संगणकावरचा. हाताने लिहिलेला असेल तर तीच नोंद संगणकावर छापून नवीन घ्या.

नावाचा आपला मराठी गुंता वेगळाच. तुमचा पासपोर्ट माहेरच्या नावाने, विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं, आणि मुलीच्या दाखल्यावर आई म्हणून फक्त सासरचं नाव, असं मी शेकड्याने पाहिलंय. आपल्याला ते एकच बाई वाटते. डच कारकुनाला तीन बायका दिसतात. त्यात त्याची चूक नाही. तो कागदावर आहे तेच नोंदवतो, आणि एकदा नोंदवलेलं बदलायला पुन्हा इथला कागद मागतो. मुलांच्या दाखल्यावरचं आईचं नाव दुरुस्त करायचं असेल तर जन्म नोंदवलेल्या प्रभाग कार्यालयात आताच अर्ज द्या, अपोस्टिल त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर सगळं दोनदा.

आता घराचं. कुलमुखत्यारपत्र करा, नोंदणीकृत करा, आणि ते दोघांच्या नावे करा, "एकत्रितपणे किंवा स्वतंत्रपणे" असे शब्द घालून. हे दोघांचं मी इतकं का लावून धरते ते सांगते. माझा भाऊ परदेशी गेला तेव्हा त्याने वडिलांना मुखत्यार केलं. मीच मसुदा पाहिला होता. अडीच वर्षांनी वडील गेले आणि त्यांच्याबरोबर ते मुखत्यारपत्रही गेलं, कारण मुखत्यार वारला की अधिकार संपतो. भाडेकरूची मुदत त्याच महिन्यात संपत होती. भावाने तिकडे वकिलातीत जाऊन नवं केलं, ते कुरियरने आलं, आणि दुखवट्याच्या घरात आम्ही मुद्रांकाच्या मागे धावलो. बाहेर केलेल्या मुखत्यारपत्राला भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. दुसऱ्यांना शहाणपण विकणारी मी, घरच्या कागदात एक नाव जास्त घालायला विसरले. तेव्हा सासूबाई एक आणि वयाने लहान असं विश्वासातलं दुसरं कोणी. आणि अधिकार मोजके द्या: भाडेकरार करणं, सोसायटीत आणि वीज मंडळात प्रतिनिधित्व करणं, कर्जाच्या बँकेशी व्यवहार करणं. विक्रीचा अधिकार आज देण्याचं काही कारण नाही.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. माहीत नसतं ते पुढचं. घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून कर कापून सरकारकडे भरायचा असतो, आणि तो थोडाथोडका नाही, उपकरासह 31.2 टक्के. बहुतेक भाडेकरूंच्या हे गावीही नसतं, आणि कळलं की ते दुसरं घर बघतात. त्यामुळे ज्याच्या पगारातून कंपनीच भाडं देते असा भाडेकरू मिळाला तर सोपं जातं. नाहीतर करारातच ते कलम घाला आणि कमी दराने कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून मिळवा. कापलेलं जास्तीचं विवरणपत्र भरून परत मिळतं, पण हप्ता दर महिन्याला जातो, परतावा वर्षाने येतो. हा हिशोब आधी मांडा. शिवाय स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मालमत्ताकरात 40 टक्के सवलत देते, ती भाड्याने दिल्यावर जाते. आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावेल, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. जास्त मागितलं तर शासनाचा आदेश दाखवा.

बँकेचं लोक टाळतात. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी होता आणि साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करावं लागतं. भाडं त्यात येईल, हप्ता त्यातून जाईल. तिकडचा पगार इथे पाठवायचा तर वेगळं एनआरई उघडा. त्यावरचं व्याज करमुक्त असतं आणि पैसे परत नेता येतात. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही. म्युच्युअल फंडाच्या केवायसीमध्येही अनिवासी अशी नोंद करा. हे सगळं शाखेत बसून एका सकाळी होतं. तिथून करायला तीन महिने लागतात.

आणि मोबाइल! अकरा आठवड्यांतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे. आधार, बँक, भविष्य निर्वाह निधी, आयकर, सगळ्यांची किल्ली म्हणजे त्या नंबरावर येणारा ओटीपी. नंबर नव्वद दिवस वापरात नसला की तो बंद होऊन दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग तुमचे ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतात. दोघांचे नंबर रोमिंग सुरू करून घ्या, स्वस्तातला रिचार्ज चालू ठेवा, दोन सिमचा फोन न्या. सिम इथे सासूबाईंकडे ठेवून "आई, आलेला आकडा वाचून दाखवा" ही योजना करू नका. बाकी काही नाही तरी, फोनवर विचारलं की आकडा सांगायचा ही सवय त्यांना लागेल, आणि तीच सवय हेरून बसलेले चोर आहेत.

तारखेचं तुमचं नशीब बरं आहे. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरले की तुम्ही त्या वर्षासाठी रहिवासी, म्हणजे तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात. 1 एप्रिलपासून मोजलं तर 28 सप्टेंबरला 181 होतात. मिस्टर ऑगस्टअखेर निघताहेत, त्यामुळे प्रश्न नाही. पण कंपनीने "एक महिना पुढे ढकलू या" म्हटलं, तर हो म्हणण्याआधी हा आकडा आठवा. पुन्हा पुढच्या मार्चपर्यंत दिवाळी आणि घरचं लग्न मिळून इथे किती दिवस येतात, तेही मोजा. तिकडच्या करात बाहेरून आणलेल्या कर्मचाऱ्यांना 30 टक्क्यांची सवलत असते, 2027 पासून ती 27 होते. नोकरीच्या पहिल्या चार महिन्यांत अर्ज गेला तरच ती पहिल्या दिवसापासून लागू होते. ज्याला ती मिळते त्याला आणि त्याच्या घरच्यांना भारतीय वाहन परवाना परीक्षा न देता बदलून मिळतो, म्हणून दोघांचेही परवाने मुदत बघून इथेच नूतनीकरण करून घ्या. ही सवलत नसली तर आपला परवाना तिथे 185 दिवसच चालतो, पुढे डच परीक्षा. ती महाग आहे आणि अवघडही.

आता तुम्ही एका ओळीत उरकलेल्या गोष्टीकडे येते. "माझं तिथे गेल्यावर बघू." हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की पेन खाली ठेवते. तुमच्या निवास परवान्यावर काम करण्याची पूर्ण मुभा असेल, जोडीदाराला ती मिळते. पण फिजिओथेरपिस्ट हा तिथे कायद्याने राखलेला व्यवसाय आहे. बिग नावाच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ते बिरुद लावता येत नाही. युरोपबाहेरच्या पदवीला आधी डच भाषेसह सामान्य चाचणी द्यावी लागते आणि मग व्यवसायाचं मूल्यमापन होतं. दोन वर्षं सहज धरा. हे ऐकून हिरमुसू नका, कारण त्यासाठी लागणारे कागद फक्त इथे मिळतात आणि आज मिळतात. तुमची पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल तर नाशिकहून ट्रान्सक्रिप्ट मागवा. कॉलेजातून साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, विषयवार तासांसह, लेटरहेडवर सही-शिक्क्याने घ्या. आंतरवासितेचं प्रमाणपत्र, राज्य परिषदेचं नोंदणीपत्र आणि सचोटीचा दाखला, आणि आजवर जिथे काम केलं तिथल्या प्रत्येक दवाखान्याचं कामाचं स्वरूप सांगणारं पत्र. तासांचा तो तक्ता कॉलेजात कोणी तयार ठेवलेला नसतो. ओळखीच्या बाईंना भेटून, दोन खेपा घालून करून घ्यावा लागतो. पाच वर्षांनी त्या बाई निवृत्त झालेल्या असतात. आणि डचचा वर्ग आजपासून लावा, मिस्टरांच्या आधी. त्यांच्या ऑफिसात इंग्रजी चालेल. तुमच्या रुग्णाला गुडघा कुठे दुखतो, ते तो डचमध्येच सांगणार.

मुलांमध्ये धाकट्याची काळजी कमी. तिथे चौथ्या वाढदिवसाला शाळा सुरू होते, पाचव्यापासून सक्तीची. तो वर्षभरात घडाघडा बोलू लागेल. मुलीकडे लक्ष द्या. डच प्राथमिक शाळा बारा वर्षांच्या आसपास संपते आणि शेवटच्या वर्षात शाळा लेखी शिफारस करते की हे मूल पुढे विद्यापीठाच्या वाटेला जावं की व्यवसायशिक्षणाच्या. आपल्याकडे हा निर्णय दहावीनंतर होतो, तिथे बाराव्या वर्षी. तुमच्या लेकीकडे जेमतेम तीन वर्षं आहेत आणि त्यातलं पहिलं बहुधा नव्याने आलेल्या मुलांच्या भाषावर्गात जाईल. पाच वर्षं किंवा जास्त राहायचा विचार असेल तर माझं मत डच शाळेच्या बाजूने आहे, आणि तेही लगेच. "दिवाळीनंतर पाठवू" यात तिचे दोन महिने जातात. करार दोनच वर्षांचा असेल आणि परत यायचं पक्कं असेल, तर इंटरनॅशनल शाळा. हा निर्णय दोघांनी बसून जूनमध्येच करा, कारण घर कुठे घ्यायचं ते शाळेवरून ठरतं. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तकं आणि इंग्रजीतलं लसीकरण कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.

घर न बघता अनामत पाठवू नका, मग जाहिरात कितीही देखणी असो. 2023 च्या जुलैपासून तिथे मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. आणि त्या पत्त्यावर नगरपालिकेची नोंदणी करू देणार का, हा पहिला प्रश्न विचारा. नाही म्हणाला तर ते घर तुमच्यासाठी नाहीच. "बिनफर्निचरचं" या शब्दाला तिकडे वेगळाच अर्थ आहे. पुष्कळदा जमिनीवर फरशीसुद्धा नसते, नुसतं सिमेंट, दिव्यांच्या जागी लोंबत्या वायरी. आरोग्य विमा आल्यापासून चार महिन्यांत घ्यायचाच असतो आणि हप्ता पहिल्या दिवसापासूनचा लागतो. लांबवून काही वाचत नाही.

राहिला कंटेनर. माझ्या मते नको. घरगुती सामान तिकडे करमाफीत न्यायचं तर ते किमान सहा महिने तुमच्या वापरातलं असावं लागतं, म्हणजे जाण्याआधी हौसेने घेतलेल्या नव्या वस्तूंवर कर बसू शकतो. लाकडी कपाटं डच जिन्यावरून वर जात नाहीत. ते जिने म्हणजे शिडीच. देव्हारा, पुस्तकं, तुमचा तानपुरा असलं काही असेल तर थोडं सामान समुद्रमार्गे वेगळं पाठवा. मिक्सर चालतो, वीज 230 व्होल्टचीच आहे, पिन तेवढी बदला. कुकर मात्र तपासा: तिथे इंडक्शनची शेगडी असण्याची शक्यता बरीच, आणि अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर नुसता बसून राहतो. बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तरच न्या. दागिने नेणार असाल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्काकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, परत येताना वाद होत नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात प्रवाशाला नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप, पेढे, चक्का इथेच. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. नारळ चालतो. आणि गंमत म्हणजे सुके बोंबील चालतात. आमच्या सदाशिव पेठी अशिलांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तूप तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवा, रवाळ होतं.

सासूबाईंविषयी तुम्ही लिहिलंय की "त्या म्हणतात, माझी काळजी करू नका." त्या तसंच म्हणणार. त्यांच्या बँक खात्यावर दुसरं नाव "दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो" या पद्धतीने लावून घ्या, जवळ राहणाऱ्या नातेवाइकाचं असलं तर उत्तम. मेडिक्लेमच्या कार्डाची प्रत आणि घराची एक किल्ली शेजारी द्या. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवर होतो, तो त्यांच्या फोनवर एकदा बसवून, दोनदा करून दाखवा. त्यांना तुमच्याकडे यायचं झालं तर 180 दिवसांत 90 दिवसांचा व्हिसा मिळतो, आणि त्याला पासपोर्ट लागतो. तो आहे का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. नसेल किंवा मुदत संपत आली असेल तर या आठवड्यातच अर्ज भरा आणि मुंढव्याच्या केंद्रात त्यांच्याबरोबर स्वतः जा. या वयात बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, यंत्र चार-चारदा नाकारतं आणि म्हातारं माणूस ओशाळतं. सकाळची वेळ घ्या, हाताला थोडी क्रीम लावून न्या.